तोतलाडोह धरण 70 टक्के भरलं, पण भरलं नेमकं काय?

इतवारीकर: इंग्रजी 'रिझर्व्हॉयर'ला मराठीत 'जलाशय'च म्हणा, असा शब्दखोडचा हट्ट. माझ्या मते रिझर्व्हॉयर म्हणजे धरण. झालं! नागपूरकडचं पेंच नदीवरचं तोतलाडोह घ्या. 'तोतलाडोह धरण 70 टक्के भरलं' हे सगळ्यांना समजते. जलाशय हा फायलीतला शब्द, तो काहून लादता?

शब्दखोड: धरण भरत नाही भाऊ. धरण म्हणजे भिंत. तिच्यामागं साचतो तो जलाशय. रिझर्व्हॉयर फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मुळाशी लॅटिन 'रिझर्व्हारे', मागे राखून ठेवणे. त्यात पाण्याचा पत्ताच नाही. म्हणून पेनातली शाईची जागा, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पोसणारा उंदीर, खडकाच्या छिद्रांत मुरलेलं तेल, सगळेच रिझर्व्हॉयर. आपला 'आशय' तेवढाच ऐसपैस: आमाशय, मूत्राशय, गर्भाशय. ह्यांना काय पोटातली धरणं म्हणणार?

इतवारीकर: मग बाइकचं रिझर्व्हही त्याच घरचं. मृतसाठा, म्हणजे धरणात तळाशी उरणारं पाणी, हे धरणाचं रिझर्व्ह समजा.

कालवाकाठ: ना बाप्पा! जुन्या बाइकच्या कॉकमध्ये दोन नळ्या, एक उंच, एक बुटकी. पेट्रोल उंच नळीच्या तोंडाखाली गेलं की गाडी आचके देते. कॉक फिरवला की बुटकीतून आपोआप उतरते. मृतसाठा विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, उंबरठ्याखाली असतो. गेट पूर्ण उघडा, थेंब येत नाही. पंप लावा, आणि वर गाळ उपसा. बातमीतले टक्के उपयुक्त साठ्याचे, म्हणजे त्या उंबरठ्यावरच्या पाण्याचे असतात. तोतलाडोहचा तो सुमारे 1017 दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे 36 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. शून्य टक्के म्हणजे तळ उघडा पडला असं नव्हे.

पानापेटी: ब्रेक ऑइलची डबी विसरले सगळे, तीही रिझर्व्हॉयरच! पॅड झिजले की पातळी उतरते. गळती नसतानाही लोक मॅक्सच्या रेघेपर्यंत ओततात. मग नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की तेल डबीबाहेर, आणि रंगाची साल निघते. आधी पॅड पाहा, मग झाकण उघडा.

शब्दखोड: विषय शब्दाचा होता. गॅरेज दुसरीकडे उघडा.

पानापेटी: तुम्हीच उंदीर आणला ना मधात?

इतवारीकर: बरं, जलाशय तर जलाशय. हरलो असं समजू नका. अंबाझरीला बांध घालूनच नाग नदी अडवली, तरी अंबाझरीला धरण कोणी म्हणत नाही, जलाशयही नाही. अख्खं नागपूर तलाव म्हणते. आता तलाववाल्यांना शिकवा.

कालवाकाठ: त्या बांधाला सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट आहे, एवढं पुरे.