मदत हवी आहे: व्हालों-पाँ-दार्क (दक्षिण फ्रान्स), जूनमध्ये आजी-आजोबा आणि मुलांसह चार रात्री

श्टुटगार्टकर
नमस्कार मंडळी. पेंटेकोस्टच्या सुट्टीत आर्देश नदीकाठच्या व्हालों-पाँ-दार्कला जातोय. सोमवारी संध्याकाळी पोचू, शुक्रवारी सकाळी निघू. सहा जण आहोत: आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा, आणि आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, उतरताना जास्त. आईला पोहता येत नाही. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. गाडी स्वतःची, सात सीटची.

१. नदीवरच्या पाँ दार्क या नैसर्गिक दगडी कमानीखालून नाव वल्हवत जातात, ते सहाही जणांना जमेल का?
२. शोव्हे गुहेची प्रतिकृती आणि ओर्न्याकची गुहा, दोन्ही बघायच्या का? बाबांना झेपेल?
३. शाकाहारी जेवणाचं काय?
४. मंगळ-बुध-गुरू कसे वाटून घ्यावेत?

पाणकावळा
पहिल्या प्रश्नाचं आधी सांगतो, बाकीचं त्यावरच ठरेल. सहाही जणांना जमणार नाही. भाड्याच्या नावेसाठी वय किमान ७ आणि पोहता येणं, दोन्ही लागतं. त्यामुळे मुलगा आणि आई बाद. तुम्ही दोघं आणि मुलगी, तीन सीटची एक कनू घ्या. दोन सीटच्या कनूपेक्षा वळायला जड, पण डगमगते कमी.

आता अंतरं. व्हालोंपासून दरीच्या शेवटच्या सँ-मार्तँ गावापर्यंत नदीने ३२ किमी. त्यातले पहिले ८ किमी व्हालों ते शाम नावाची वस्ती, आणि पाँ दार्कची कमान याच टप्प्यात येते. पुढचे २४ किमी राखीव निसर्गक्षेत्र. तिथे मुक्काम करता येतो तो फक्त गो आणि गूर्निए या दोन जागी, तोही आधी नोंदणी करून. ९ वर्षांच्या मुलीबरोबर ८ किमीच करा. थांबत-पोहत गेलात तर अर्धा दिवस जातो. शामहून गाडीने परत आणणं बहुतेक ठिकाणी भाड्यातच असतं, पण शेवटची गाडी किती वाजता ते नाव घेतानाच विचारा.

सगळ्यात महाग चूक म्हणजे शामचा काठ हुकणं. उतरायचं डाव्या काठावर. कमान गेली की लोक निवांत होतात, फोटो काढत मध्यातून वाहत राहतात आणि उजवीकडे ओढले जातात. पुढे दरी सुरू होते, मोबाईलला रेंज नसते आणि सहज बाहेर पडायला रस्ता नसतो. कमानीनंतर डावा काठ धरूनच चला.

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलं असेल तर एक फरक लक्षात ठेवा: इथे नावेत गाईड नसतो. मागे बसणारा सुकाणू सांभाळतो, म्हणून ज्याला जास्त जमतं तो मागे, मुलगी मध्ये. कमानीच्या आधी शार्लमान्य नावाचा रॅपिड (खळाळत्या, वेगवान पाण्याचा टप्पा) लागतो, त्या टप्प्यातला सगळ्यात मोठा. पाण्याची गुळगुळीत जीभ इंग्रजी व्ही आकारात पुढे जाताना दिसते, तिच्या टोकाकडे नाक धरा आणि वल्हवत राहा. बहुतेक नावा उलटतात त्या घाबरून वल्हं थांबवल्यामुळे: नाव पाण्याच्याच वेगाने वाहायला लागली की सुकाणू लागत नाही, ती आडवी होते आणि खडकाला टेकते. टेकलीच तर खडकाकडे झुका. अंग आपोआप उलट्या बाजूला जातं, मग वरून येणारं पाणी कडेवरून आत शिरतं आणि नाव पालथी होते.

पडलात तर उताणं व्हा, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ. वाहत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका, दगडांच्या फटीत पाऊल अडकतं. हे मुलीला काठावरच करून दाखवा.

पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट हवेत. स्लीपर पहिल्याच रॅपिडला जाते. सामानाला प्लॅस्टिकचा पिंप मिळतो. त्याच्या रबरी कडेत वाळूचा कण राहिला तरी पाणी आत झिरपतं, म्हणून कडा पुसून झाकण फिरवा आणि गाडीची किल्ली वेगळ्या झिपपिशवीत ठेवा. पिंप नावेला बांधलाय ना, तेही बघा.

दगडफूल
गुहांचं मी सांगते. दोन्हींची जात वेगळी. शोव्हेत चित्रं, ओर्न्याकमध्ये चुनखडीचे स्तंभ.

मूळ शोव्हे गुहा १८ डिसेंबर १९९४ ला सापडली, त्यातली जुनी चित्रं सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची. ती लोकांसाठी कधीच उघडली नाही. फ्रान्समधल्याच लास्को या चित्रांच्या गुहेत माणसांच्या वावराने भिंतींवर शेवाळ चढलं, ते फ्रेंच लोकांनी बघितलं होतं. २०१५ मध्ये गावाजवळच्या पठारावर प्रतिकृती उघडली. मूळ साडेआठ हजार चौरस मीटरचा ऐवज सुमारे तीन हजार चौरस मीटरमध्ये बसवलाय. नकलीच बघायची तर कशाला, असं वाटत असेल तर तो विचार सोडून द्या. सिंहांच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर ते आठवत नाही. बाबांसाठी हीच योग्य: वाट सपाट, व्हीलचेअर जाते. प्रवेश ठरलेल्या वेळेचा, गटाने, गाईडबरोबर, साधारण तासभर. इंग्रजी फेऱ्या दिवसात मोजक्याच असतात, म्हणून भाषा बघून ऑनलाइन तिकीट आधी काढा. आत फोटो काढू देत नाहीत. पार्किंगपासून थोडं चालावं लागतं, वेळेच्या अर्धा तास आधी पोचा.

ओर्न्याकची खोली १२१ मीटर. सुमारे सातशे पायऱ्या उतरायच्या, वर यायला लिफ्ट. म्हणजे बाबांना जे त्रासदायक तेच तिथे करायचं. आत ११-१२ अंश असतं आणि पायऱ्या ओलसर, स्वेटर आणि पकड असलेले बूट लागतात. मुलांना घेऊन तुमच्यापैकी कुणीतरी जा. बाबांना तिथेच प्रागैतिहासिक काळाचं संग्रहालय आहे, पायऱ्यांशिवाय वेळ चांगला जाईल.

आणि सहाही जणांनी एकत्र करायची गोष्ट म्हणजे दरीच्या वरून जाणारा डी २९० रस्ता. व्हालोंकडून सँ-मार्तँकडे जा, उलटं नको. या दिशेने नदी उजव्या हाताला राहते, थांब्यांवर गाडी सरळ आत वळते, समोरची वाहतूक कापावी लागत नाही. ठिकठिकाणी निरीक्षणस्थळं आहेत. सगळीकडे उतरत बसलात तर चौथ्यानंतर मुलं गाडीतून बाहेर येणार नाहीत. सुरुवातीचं सेर द तूर सोडू नका, नदीचा मोठा वळसा तिथून पूर्ण दिसतो. मग थेट ओत कॉर्निशचा फाटा, तिथले दोन-तीन. कठडे बुटके आहेत, मुलाचा हात धरा. सकाळी नऊच्या आत निघा, अकरानंतर मोटारसायकली आणि कॅरव्हॅनची रांग लागते. शेवटी पूल ओलांडून एगेझ गावात जेवा. उंच कड्यावरचं दगडी गाव आहे, गल्ल्यांत गोटे बसवलेत, बाबांना काठी असू द्या.

श्टुटगार्टकर
दोघांनाही मनापासून धन्यवाद. मुलाची समजूत कशी घालायची हा प्रश्न आहे. तो पोहतो, नोव्हेंबरमध्ये सात पूर्ण होतील. आमच्यामध्ये बसवला तर? आणि आईलाही कमान पाण्यातून बघायचीच आहे.

पाणकावळा
नको. वय लपवून नाव मिळाली तरी धोका तोच राहतो. नाव उलटली की तुमच्यापैकी एकाला मुलगी, दुसऱ्याला मुलगा आणि दोघांना मिळून नाव सांभाळावी लागेल. जूनमध्ये पाणी ऑगस्टपेक्षा थंड आणि जोरात असतं. सहा वर्षांचं मूल त्यात लवकर गारठतं.

पर्याय आहे. आर्देशवर 'बातलिए' म्हणजे नावाड्यांची जुनी परंपरा टिकून आहे. वल्ही त्यांच्या हातात, तुम्ही नुसते बसायचं. आई आणि मुलाला त्यात नेता येतं का, ते दोघांची वयं आणि आईला पोहता येत नाही हे स्पष्ट सांगून विचारा. बाबाही बसणार असतील तर त्यांच्या गुडघ्यांचंही सांगा, कारण नावेत खाली बसावं लागतं आणि काठ दगडी असतो.

ते जमलं नाही तर कमानीपाशी पायी जा. रस्त्यावरून दहा मिनिटांत खाली वाळूत उतरता येतं. ५४ मीटर उंचीची कमान पाण्याच्या पातळीवरूनच जास्त मोठी वाटते. मुलगा काठच्या उथळ पाण्यात खेळू दे, पण कमानीखाली नको: नावा एकामागून एक येतात आणि त्यांना थांबता येत नाही. खडकावरून उड्या मारणाऱ्यांच्या नादी लागू नका. आणि तुम्ही तिघं नावेने येणार ती वेळ आजी-आजोबांना सांगून ठेवा, मुलाला वाळूतून हात करता येईल.

सुगरण
जेवणाबद्दल. उपाहारगृहाचं स्वयंपाकघर दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी सातनंतर चालू. अडीचला पोचलात तर आइस्क्रीम मिळेल, जेवण नाही. जर्मनीच्या सवयीने फसायला होतं.

नुसतं 'व्हेजितारियँ' म्हणून थांबू नका. 'साँ व्हियांद, साँ प्वासों, साँ लार्दों' (मांस नको, मासे नको, लार्दों नको) असं पूर्ण सांगा. लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ते सॅलडमध्ये न विचारता पडतात. शेळीच्या गरम चीजचं सॅलडही त्याला अपवाद नाही. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी कशाचं ते विचारा. सगळ्यात सोपं ठिकाण म्हणजे क्रेपरी, फ्रेंच धिरड्यांचं उपाहारगृह: कुट्टूच्या पिठाचं धिरडं म्हणजे गालेत, आत अंडं, चीज, अळंबी. आई चीजबद्दल कडक असतील तर सांगून ठेवते, पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये बहुतेक वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य असतं. इथलं शेळीचं चीज पिकोदोंही त्यातच धरा.

स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं असेल तर डाळ-तांदूळ-मसाले श्टुटगार्टहूनच न्या. सोमवारी पेंटेकोस्टची सुट्टी आहे, दुकानं बंद किंवा अर्धा दिवस, म्हणून दूध-पाव वाटेत घ्या. गुरुवारी सकाळी व्हालोंचा आठवडी बाजार: जूनमध्ये चेरी, जर्दाळू, मध, आणि चेस्टनटचं गोड क्रेम द मारों. चेस्टनट हे या भागाचं खरं पीक. साडेनऊच्या आत गेलात तर गाडी लावायला जागा मिळेल. घराच्या भाड्यात चादरी आणि शेवटची साफसफाई धरलीय का तेही तपासा, बऱ्याचदा दोन्ही वेगळं असतं.

दगडफूल
चौथ्या प्रश्नाचं: मंगळवारी डी २९० आणि एगेझ, गाडीच्या लांब प्रवासानंतर पाय मोकळे करायला. बुधवारी सकाळी नाव, दुपारी काही नको. गुरुवारी बाजार, आणि उन्हाच्या वेळी दोन-तीनला शोव्हे. ओर्न्याक कापा. शुक्रवारी उशिरा निघणार असाल तरच.

पाणकावळा
बुधवार पक्का धरू नका. वरच्या सेव्हेन डोंगरात वादळी पाऊस झाला की इथे ऊन असतानाही नदी चढते आणि नावा देणं बंद होतं. पाणी मातकट झालं, फांद्या वाहून येऊ लागल्या की समजा. सोमवारी रात्रीच व्हिजिक्र्यू या सरकारी संकेतस्थळावर आर्देशची पातळी आणि मेतेओ-फ्रान्स या हवामान खात्याचा इशारा बघा. नारिंगी असेल तर शोव्हेचं तिकीट बुधवारी आणि नाव गुरुवारी दुपारी. शोव्हेच्या तिकिटाची तारीख बदलता येते का, हे काढतानाच वाचून घ्या.

श्टुटगार्टकर
तिकिटाच्या अटी आज बघतो. नावाड्यांना ईमेल टाकलाय, उत्तर आलं की इथेच लिहितो.