मदत हवी आहे: जानेवारीत आई-बाबांना निप्पाराची गुहा झेपेल का? (तोक्योहून एका दिवसात)

नमस्कार मंडळी. आम्ही निशी-कासाईत राहतो. आई-बाबा दोन महिन्यांसाठी आलेत आणि बाबांनी एकच हट्ट धरलाय: चुनखडीची गुहा बघायची. भूगोलाचे मास्तर. तीस वर्षं फळ्यावर लवणस्तंभ काढले, प्रत्यक्षात एकही पाहिला नाही. आपल्याकडे वेरूळ-अजिंठा आहे, पण ती बेसाल्टात माणसांनी कोरलेली लेणी. पाण्याने पोखरलेली गुहा त्यांना बघायचीय.

दूर यामागुचीतली अकियोशिदो गुहा एका दिवसात होणं अवघड, म्हणून ओकुतामाजवळची निप्पारा ठरवतोय. तोझाई लाईन, मग चुओ, ओमेला गाडी बदलून ओकुतामा, पुढे बस. घर ते गुहा तीन तास सहज. आत बारा महिने ११ अंशांच्या आसपास तापमान असतं, म्हणजे जानेवारीत बाहेरच्यापेक्षा आतच ऊब!

अडचण आईच्या गुडघ्याची. सपाटीवर ती अर्धा तास आरामात चालते, जिना मात्र एकेक पायरी करत. शनिवार-रविवारी बस हिगाशी-निप्पारापर्यंतच जाते आणि पुढे २०-२५ मिनिटं चालावं लागतं. इतर दिवशी बस गुहेपाशी सोडते, पण मग मला रजा टाकावी लागेल. (साहेबांना कारण काय सांगू, लवणस्तंभ?)

तर विचारायचं होतं:

आतल्या जिन्यांना आधार आहे का? आई अर्ध्यातून परत फिरू शकते का? रस्त्यावर बर्फ असतो का, साधे स्पोर्ट्स शूज चालतील? आणि जेवणाचं काय? दोघंही शाकाहारी, मी थेपले नि दशम्या घेऊन जाईनच.

प्रतिसाद १
रजा टाका. सावलीतल्या रस्त्यावर सकाळी बर्फ घट्ट झालेला असतो, तिथे आईंना चालवू नका. बूट खाली नक्षी असलेलेच हवेत, कारण आतही जमीन ओली असते. ३० डिसेंबर ते ३ जानेवारी गुहा बंद असते. हिवाळ्यात साडेचारला बंद होते, परतीची बस आधी बघून ठेवा.

जिन्यांना कठडे आहेत, पण नव्या भागातले जिने फार उभे आहेत. गंमत अशी की चांगले लवणस्तंभ तिथेच वर आहेत. आईंना खालच्या मोठ्या दालनात थांबवा, तेही बघण्यासारखं आहे.

धागाकर्ती
खूप आभार! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी खाली थांबते, पण यांना वर एकटं सोडू नकोस, बोलत बसतील आणि बस चुकेल." रजेचा अर्ज टाकलाय. आता एवढंच सांगा, आत फोटो काढू देतात का? बाबांना जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकायचेत.