'अफूची गोळी' : यातली गोळी कुठून आली?

चंद्रभागा७२: वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. युनियन लाल बावट्याची आणि गळ्यात तुळशीची माळ, दोन्ही शेवटपर्यंत. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती एक पुस्तिका काढतेय. मार्क्सचं १८४४ सालचं 'धर्म ही अफूची गोळी आहे' हे वाक्य बाबा नेहमी सांगायचे, ते घ्यायचंय. पण इंग्रजीत 'गोळी' दिसत नाही. ठेवू की काढू?

शब्दवेल्हाळ: काढा. मूळ जर्मन 'ओपियम देस फोल्केस', म्हणजे लोकांची अफू. तिथे षष्ठी आहे. 'लोकांसाठी' म्हटलं की कुणीतरी वरून चारली असा अर्थ होतो.

परळनाका: मी ठेवीन. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना बाळगोळी देत, तिच्यात अफू असे. पाळी संपेपर्यंत मूल झोपून राही. आजीने माझ्या काकाला दिली होती, सांगताना रडायची. 'गोळी' तिथूनच आली.

शब्दवेल्हाळ: पुरावा? अफू गोळी करूनच खात असत, एवढं पुरेसं आहे.

निळूभाऊ: आधीचं वाक्य कुणी घेत नाही. धर्म म्हणजे गांजलेल्या जीवाचा उसासा, निर्दय जगाचं हृदय, आणि मग अफू. तेव्हा युरोपात अफू हे दुखण्यावरचं औषध होतं. माळ आणि बावटा एका गळ्याखाली का नांदले, ते इथे कळतं. 'उत्पीडित प्राण्याचा निःश्वास' असं मराठी केलं की सगळं मरतं.

शब्दवेल्हाळ: 'प्राणी' चूकच, मूळ शब्द 'क्रेआटुर', निर्मिलेला जीव. पण 'गांजलेला' लिहिलंत की तुकोबांचे रंजले-गांजले उभे राहतात. तो मार्क्स उरत नाही.

चंद्रभागा७२: मला तेच हवंय. बाबा तर उसासाही नाही, 'हुंदका' म्हणायचे. ८२च्या संपात घरात दाणा नव्हता तरी त्यांनी एकादशी मोडली नाही. आई चिडली, तर म्हणाले, "हा उपास मी धरलाय. बाकीचे मालकाने घडवले."

शब्दवेल्हाळ: हे वाक्य पुस्तिकेत घ्याच. तरी मूळ जर्मन शब्द 'झॉयफ्झर', म्हणजे उसासा, हुंदका नव्हे.

निळूभाऊ: 'धर्म' तरी कुठे बरोबर आहे? वारीला जाणारा मी धर्म करतो म्हणत नाही, माळ घातली म्हणतो. 'माळकरी' हा शब्द मार्क्सच्या वाक्यात बसतच नाही.

कोकणकडा: बाळगोळी की बाळगुटी? आमच्याकडे गुटीत हिरडा, वेखंड, जायफळ उगाळतात. अफू नाही.

परळनाका: गुटी वेगळी. ती सहाणेवर उगाळून चाटवतात. गोळी दुकानातून आणत.