सिनेमा कुठला, वेड कुठलं!

डबे आवरताना तळाशी हेझलनट सापडले आणि थेट ओस्लो आठवलं. २४ डिसेंबरची सकाळ, घरमालकीणबाई बटाटे सोलतायत, टीव्हीवर १९७३चा सिंड्रेलाचा सिनेमा. चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनीने मिळून काढलेला! त्यात हेझलनटमधून तिचे कपडे निघतात. सगळ्या पात्रांचं नॉर्वेजियन एकच बुवा बोलतो, सिंड्रेलाचंसुद्धा. मला हसू फुटलं, तर बाई गंभीर. दर नाताळला हाच लागतो, त्याशिवाय सण वाटत नाही म्हणे. बुवाच्या आधी बाईच वाक्य म्हणून टाकत होत्या, हातात सोलणी तशीच.
तुमचेही अनुभव येऊ द्या. (राज कपूर आणि रशिया सोडून. ते सगळ्यांना पाठ आहे.)

---
बुवा सिंड्रेला!! हसून हसून पुरेवाट

---
पोलंडमध्येपण टीव्हीवर असाच एक माणूस सगळ्यांचं बोलतो, मारामारी असो की प्रेम, आवाज तोच सपाट. नाताळला तिथे 'होम अलोन' हवाच. रूममेट आईशी भांडून बसली होती, तो लागल्यावर बोलायला लागली.

---
माझा सर्बियन सहकारी. त्याची आजी मेक्सिकन गाणी म्हणते, सर्बियनमध्ये. सर्बिया तेव्हा युगोस्लाव्हियात. १९४८ला तिथल्या टिटोचं रशियाच्या स्टालिनशी फाटलं, रशियन सिनेमे बंद झाले, मग मेक्सिकोतून आणले. क्रांती, आया, रडारड. युगोस्लाव्हियात पोरं सोम्ब्रेरो (त्या रुंद मेक्सिकन टोप्या) घालून बँड काढायची! १९५०चा 'उन दिया दे व्हिदा' म्हणजे तर कळस. ऑफिसातल्या मेक्सिकन मुलीला विचारलं, तिने नावसुद्धा ऐकलेलं नाही. आजीला अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

---
नका सांगू

---
आणि त्याच युगोस्लाव्हियाचा 'वॉल्टर' (१९७२, साराजेव्होतल्या नाझीविरोधी लढ्याचा सिनेमा) चीनमध्ये तुफान चालला. साराजेव्होला एक चिनी आजोबा भर चौकात खांबाआड लपून बोटांची बंदूक करत होते, आजी फोटो काढत होत्या. गाइडला सवय असावी.

---
नियम मोडते, हिंदीच आहे, पण रशिया नाही. बाबा नायजेरियात कानोला होते. तिथल्या हौसा लोकांत 'मदर इंडिया' वर्षानुवर्षं चालला, हिंदीचा गंध नसताना डायलॉग तोंडपाठ. शिंप्याकडे मी गाणं गुणगुणले, दुसऱ्या ओळीला त्याने माप घेता घेता शब्द सुधारला. बरोबर तोच होता. बाबा अजून चिडवतात.

---
शिंपी रॉक्स. जपानमध्ये गाजलेला तमिळ 'मुथू' कुणीच कसा नाही आणला? १९९८ला टोकियोत रजनी म्हणजे डान्सिंग महाराजा. लिहिते नंतर, कुकर झाला

---
अवांतर: ते हेझलनट खवट झाले असतील, आधी चाखून बघा

---
खवटच निघाले, फेकले. त्याआधी तीन फोडून पाहिले. ड्रेसबिस काही नाही.

---
कुकर झालेल्या ताई, मुथू?