एलएलएमचे सगळे पेपर सुटले पण डिझर्टेशनवर घोडं अडलंय, डिग्रीला नक्की काय काय लागतं?

अर्धा_मास्टर :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज गळ्याशी आलं म्हणून लिहितोय. मी एक वर्षवाला एलएलएम, म्हणजे कायद्यातली मास्टर्स डिग्री करतोय, कॉन्स्टिट्यूशनल ग्रुप. दोन्ही सेमिस्टरचे पेपर सुटले, मार्क बरे आहेत, ५८ टक्क्यांच्या आसपास. राहिलंय ते एकटं डिझर्टेशन, म्हणजे शेवटचा लघुप्रबंध. विषय राजद्रोह. सबमिशनला तीन आठवडे आहेत आणि काल लायब्ररीतून सिमिलॅरिटी रिपोर्ट आला, म्हणजे मजकूर दुसऱ्या लिखाणाशी किती जुळतो त्याचा, ३१ टक्के. आईशप्पथ एक ओळ कुठून ढापलेली नाहीये हो, जे काही मॅच दाखवतंय ते निकालपत्रांतलं आहे नाहीतर कलमांचं आहे आणि खाली फुटनोटा पण दिल्यात. गाईड सर म्हणाले दहाच्या खाली आण मग सही करतो, आणि फोन ठेवला.

आता माझे प्रश्न. ३१ म्हणजे खरंच रिजेक्ट का? यंदा सबमिट नाही झालं तर पुढच्या वर्षी चालतं का, की सगळा कोर्स परत करायचा? आणि मी अपिअरिंग म्हणजे डिग्री पुरी व्हायच्या आधीच नेट (कॉलेजात शिकवायची पात्रता परीक्षा) दिली होती, असिस्टंट प्रोफेसरसाठी पास झालो, रिझल्ट लागून आठ महिने झाले, त्याचं काय होणार? शिवाय मी सकाळी एका सीनियरकडे ज्युनियरशिप करतो, वकिलीची सनद चालू आहे, कुणीतरी म्हणालं रेग्युलर एलएलएम आणि सनद एकत्र चालत नाही, तेव्हापासून झोप उडालीये. मित्र म्हणतो एक वर्षाच्या एलएलएमला तसाही अर्थ नाही, बार कौन्सिलने बंद केलाय. जरा कुणीतरी शांतपणे समजावून सांगा.

फळा_आणि_खडू :
अरे बाबा आधी पाणी पी. मी एलएलएमला शिकवतो, दरवर्षी या महिन्यात माझ्याकडे अशी चार तरी मुलं रडवेल्या तोंडाने येतात.

पहिलं म्हणजे पेपर सुटले म्हणजे एलएलएम झालं, हे डोक्यातून काढ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२ च्या एक वर्षाच्या एलएलएमच्या गाईडलाईन्समध्ये हिशोब असा होता की तीन सक्तीचे विषय प्रत्येकी ३ क्रेडिटचे, सहा ऑप्शनल प्रत्येकी २ चे, आणि डिझर्टेशन ३ ते ५. म्हणजे ९ अधिक १२ अधिक ३, झाले २४. बऱ्याच विद्यापीठांनी नंतर क्रेडिट वाढवलेत, तुझं किती ते तुझ्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत बघ, पण तत्त्व तेच, डिझर्टेशनचे क्रेडिट पडल्याशिवाय बेरीज पुरी होत नाही आणि बेरीज पुरी झाल्याशिवाय डिग्री नाही. हे तीन क्रेडिट लोकांना एवढेसे वाटतात आणि तिथेच गाडी वर्षानुवर्षं उभी राहते.

आता ३१ चं. यूजीसीचं प्लेजरिझमचं, म्हणजे वाङ्मयचौर्याचं रेग्युलेशन २०१८ चं आहे आणि ते मास्टर्सच्या डिझर्टेशनला पण लागू आहे, फक्त पीएचडीला नाही. १० टक्क्यांपर्यंत काही दंड नाही. १० ते ४० मध्ये असशील तर सुधारून परत द्यायला सांगतात, जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या आत. ४० ते ६० ला एक वर्ष सुधारित प्रतच देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलास तर रजिस्ट्रेशनच रद्द. म्हणजे ३१ ला फाशी नाहीये, पण सर दहा म्हणतायत ते बरोबरच म्हणतायत, रिपोर्टवर सही त्यांची असते.

पण, आणि हे पण मोठं आहे, सॉफ्टवेअर जो आकडा दाखवतं तो म्हणजे प्लेजरिझम नव्हे. त्याच रेग्युलेशनमध्ये लिहिलंय की श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे सगळं मोजायचं नाही, आणि कायद्याचा मजकूर सुद्धा मोजायचा नाही. सलग १४ शब्दांपर्यंतचा सर्वसाधारण मजकूर जुळला तर तो पण सोडायचा आहे. आता लायब्ररीत जो माणूस बसतो तो पीडीएफ टाकतो, बटण दाबतो, आकडा छापतो, त्याने कोट्स वगळायचं सेटिंग केलं का नाही हे त्याला कोण विचारणार. तू जाऊन विचार. एक प्रश्न तुला, निकालपत्रांतले उतारे तू अवतरण चिन्हात टाकलेस का नुसते आत सरकवून छोट्या अक्षरात ठेवलेस?

अर्धा_मास्टर :
आत सरकवलेत सर. ब्लॉक कोट. सायटेशनच्या पुस्तिकेत तसंच सांगितलंय ना, मोठा उतारा असेल तर अवतरण चिन्ह नको.

फळा_आणि_खडू :
तिथेच मेख आहे. माणसाला ते कोटेशन दिसतं, मशीनला पीडीएफमध्ये दिसत नाही, त्याला अवतरण चिन्ह लागतं. वर्ड फाईल दिलीस तर काही सॉफ्टवेअर मार्जिन ओळखतात. पूर्ण रिपोर्ट मागून घे, पहिलं पान नको, रंगीत पानं हवीत, आणि कुठल्या चॅप्टरला किती ते इथे टाक.

पुढची_तारीख :
राजद्रोह वाचलं आणि जखमेवरची खपली निघाली. माझा पण हाच विषय होता भाऊ!! मी सिनॉप्सिस (विषयाचा आराखडा) दिला तेव्हा जुन्या दंड संहितेतलं राजद्रोहाचं कलम १२४अ जिवंत होतं. मग मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याखाली नवीन गुन्हे नोंदवू नका असं सांगून कलम थंड्या बस्त्यात टाकलं, मी एक चॅप्टर वाढवला. गाईड मॅडमची बदली झाली, नवीन गाईड मिळेपर्यंत पाच महिने गेले. २०२३ मध्ये प्रकरण मोठ्या बेंचकडे गेलं, परत अर्धा चॅप्टर. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिताच आली, १२४अ गेलं आणि १५२ आलं, राजद्रोह शब्द गेला पण शिक्षा बघ, जुन्यात जन्मठेप नाहीतर तीन वर्षांपर्यंत होती, नव्यात जन्मठेप नाहीतर सात वर्षांपर्यंत. माझं टायटलच चुकीचं ठरलं. टायटल बदलायला बोर्ड ऑफ स्टडीजची मान्यता लागते म्हणे, त्याची मीटिंग कधी तर कळवू.

तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः जगलोय. पुढच्या वर्षी चालतं, कोर्स परत करावा लागत नाही, पण अनंत काळ पण नाही. यूजीसीचा नियम साधारण असा की कोर्सची जेवढी वर्षं त्याच्यावर दोन, अगदीच विशेष कारण असेल तर आणखी एक. म्हणजे एक वर्षाच्या एलएलएमला तीन वर्षं धर. फक्त आपोआप नाही मिळत, मुदतवाढीचा अर्ज तारखेच्या आत द्यायचा, गाईडची शिफारस, री-रजिस्ट्रेशन फी, आणि अर्जावर इनवर्डचा शिक्का मारून घ्यायचा, झेरॉक्सवर. मी पहिला अर्ज तोंडी ओळखीवर ठेवला होता, टेबलवाला माणूस बदलला आणि अर्ज असा काही नव्हताच असं निघालं.

नेटचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. अपिअरिंग म्हणून दिलीस ना, मग नेटचा निकाल लागल्यापासून दोन वर्षांच्या आत लागतील तेवढ्या टक्क्यांनी पीजी पूर्ण करावं लागतं, नाहीतर ती नेट गेली. आठ महिने गेले म्हणजे तुझ्याकडे सोळा आहेत. माझ्याकडे शेवटी एकोणीस दिवस उरले होते, व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या एक्स्टर्नल (बाहेरच्या परीक्षक) सरांना स्टेशनवरून मी स्वतः आणायला गेलो होतो, गाडी दोन तास लेट, तो प्लॅटफॉर्म मी आयुष्यात विसरणार नाही.

आणि टक्के. ५५ लागतात, राखीव प्रवर्गाला ५०. तू ५८ वर आहेस म्हणतोस पण डिझर्टेशनचे मार्क अजून त्यात मिळवायचेत. आमच्या बॅचच्या एकाचे ५६ होते, डिझर्टेशन काठावर पास झालं आणि एकूण ५४ पॉइंट काहीतरी. एलएलएम आहे, नेटला उपयोग नाही. म्हणून कसंतरी उरकून देतो असं करू नकोस.

सनदी_कावळा :
सनदेचं मी सांगतो, कारण हा गैरसमज बार रूममध्ये चहाबरोबर फुकट मिळतो. सनद चालू ठेवून रेग्युलर एलएलएम करता येतं, बार कौन्सिल ऑफ इंडियाने ते चालू दिलंय, सनद सस्पेंड करावी लागत नाही. अडचण येते ती पूर्ण वेळ पगारी नोकरीची. म्हणजे उद्या तू फुल टाईम असिस्टंट प्रोफेसर लागलास तर सनद जमा करावी लागेल. पार्ट टाईम कायदा शिकवलास तर नाही, त्याला १९७९ चे वेगळे नियम आहेत, दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नको एवढंच.

खरा प्रश्न हजेरीचा असतो. एलएलबीला बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमात ७० टक्के आहेत, लोक तेच एलएलएमला लावतात, तसं नाहीये, पीजीला तुझं विद्यापीठ ठरवतं आणि बहुतेक ठिकाणी ७५ आहे. सकाळी कोर्ट, दुपारी लेक्चर, हे गणित कसं बसवलंस ते तुझं तुला माहीत, मला नकोय. पण तुला परीक्षेला बसू दिलं आणि निकाल लागला म्हणजे ते प्रकरण मिटलं, आता उकरून काढू नकोस.

लास्ट_बेंच :
माझा पण एक प्रश्न इथेच विचारतो वेगळा धागा नको, एका ठिकाणी घरबसल्या ऑनलाईन एलएलएम आहे, शनिवार रविवार लेक्चर, डिझर्टेशन पण नाही म्हणे, घेऊ का

फळा_आणि_खडू :
नको. डिस्टन्सने चालवायला यूजीसीने ज्या विषयांना मनाई केलीये त्यात कायदा आहे, आणि २०२५ मध्ये बार कौन्सिलने अशा ऑनलाईन, हायब्रिड, एलएलएमच्या पुढे कंसात भलतंच नाव लावलेल्या कोर्सेसबद्दल जाहीर इशारा दिलाय. शिकायचं म्हणून शीक, पण शिकवायची नोकरी किंवा पीएचडी डोक्यात असेल तर पैसे पाण्यात.

आणि अर्धा_मास्टर, तुझ्या मित्राला सांग की बार कौन्सिलचे ते नियम २०२० चे, गॅझेटमध्ये आले जानेवारी २०२१ ला. त्यात एक वर्षाचा एलएलएम बंद करायचा असं होतं खरं, पण नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांचं कन्सोर्टियम सुप्रीम कोर्टात गेलं आणि बार कौन्सिलने त्या वर्षी लागू करत नाही असं सांगितलं. त्यानंतर कितीतरी बॅचेस बाहेर पडल्या. मित्र अजून २०२१ मध्येच बसलाय.

अर्धा_मास्टर :
रिपोर्टची सगळी पानं आणली. सर तुम्ही म्हणालात तसंच. चॅप्टर दोन, म्हणजे इतिहास, सगळ्यात लाल. १८७० ला कलम कसं आलं, टिळकांचा १८९७ चा खटला, मग १९०८ चा, त्यातली चार पानं जवळपास पूर्ण लाल. चॅप्टर तीनमध्ये १९६२ चा सुप्रीम कोर्टाचा केदारनाथ सिंग निकाल, तिथे ब्लॉक कोट्स. आणि एक गंमत, ९ टक्के मॅच कुणाशी दाखवतंय तर स्टुडंट पेपर, माझ्याच विद्यापीठाचं नाव. मी कुणाचं वाचलं पण नाही हो.

पुढची_तारीख :
ते तूच आहेस 😄 आधी कुठे चेक केलं होतंस का? मी पण हा शहाणपणा केला होता, सबमिशनच्या आधी ओळखीच्याकडून एकदा काढून बघितलं, ड्राफ्ट त्यांच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसला, खरा रिपोर्ट काढला तर ८० च्या वर, माझ्याशीच माझं मॅच. लायब्ररीला सांगावं लागतं की ड्राफ्ट साठवू नका.

अर्धा_मास्टर :
मागच्या महिन्यात केलं होतं. डिपार्टमेंटच्याच एका मुलाकडून. धन्य आहे मी.

फळा_आणि_खडू :
मग ते ९ लेखी अर्ज देऊन वगळून घेता येतील, जुन्या ड्राफ्टची तारीख आणि तुझं नाव दिसतंच. ब्लॉक कोट्सना मशीनपुरती अवतरण चिन्हं लाव, अंतिम प्रतीत काढ.

पण चॅप्टर दोन मात्र बसून नव्याने लिही. खरं सांगू का, टिळकांच्या खटल्याची ती चार पानं मी गेल्या दहा वर्षांत तीसेक डिझर्टेशनमध्ये वाचलीत, तेच शब्द, त्याच क्रमाने, सहा वर्षं मंडाले आणि पुढचा चॅप्टर. फुटनोट असली तरी ते तुझं लिखाण नव्हे, ते लाल दिसतंय ते योग्यच आहे. त्यापेक्षा १८९७ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रेचींनी कलमातल्या डिसअफेक्शन (अप्रीती) शब्दाचा अर्थ प्रेमाचा अभाव असा लावला होता, तिथून सरळ केदारनाथवर ये, हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था घडवायची प्रवृत्ती असेल तरच गुन्हा असं कोर्टाने कलम कसं आवळलं, आणि मग १५२ मध्ये ते आवळणं शब्दांत कुठे उतरलंय का, का परत सैल झालंय, हे तुझ्या शब्दात दोन पानं लिही. एक्स्टर्नल व्हायवात तेच विचारणार. मी तरी विचारतो.

सनदी_कावळा :
आणि कलमं पूर्ण छापू नकोस चॅप्टरमध्ये, परिशिष्टात टाक. नियमात वगळायचं असलं तरी मशीनशी कोण भांडत बसणार.

अर्धा_मास्टर :
अपडेट देतो. बारा दिवस लागले. चॅप्टर दोन अकरा पानांचा सहा झाला. जुना ड्राफ्ट वगळायला लायब्ररीने एका अर्जावर तीन सह्या मागितल्या, एचओडी रजेवर होते. वर्ड फाईल दिली, कोट्स वगळायला सांगितलं, तो माणूस म्हणाला असं कुणी सांगतच नाही. आता ८ टक्के. सरांनी सही केली, वर विचारलं की १५२ वरची ती दोन पानं कुणी सांगितली. मुदतवाढीचा अर्ज पण देऊन ठेवलाय, शिक्का मारलेली झेरॉक्स फाईलला लावलीये. बाइंडिंगला टाकलंय, पाच प्रती, काळं कव्हर सोनेरी अक्षरं. व्हायवाची तारीख अजून नाही.

पुढची_तारीख :
एक्स्टर्नल बाहेरगावचे असतील तर गाडीचा नंबर आधी विचारून ठेव.