बोटीवरच्या टीव्ही अँटेनाची केबल सहा मीटर वाढवायची आहे

डोलकाठी:
डोलकाठीच्या टोकाला गोल, चपटा अँटेना आहे. अॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच, त्याचे १२ व्होल्ट केबलमधूनच वर जातात. वडिलांना आता पायऱ्या चढणं जमत नाही, म्हणून टीव्ही पुढच्या केबिनमध्ये नेला आणि केबल कमी पडली. मरीन रेडिओची उरलेली केबल होती. टोकं सोलून मधल्या तारा एकमेकींना पिळल्या, जाळीला जाळी जोडली, वर टेप गुंडाळली. आता चित्राचे मधेच चौकोन होतात, चार-पाच चॅनेल तर सापडतच नाहीत. टीव्हीपाशी आणखी एक अॅम्प्लिफायर लावू का?

जुना खलाशी:
नका लावू. वाटेत बिघडलेला सिग्नल तो सुधारत नाही, त्यातली खरखरही तेवढीच वाढवतो. अॅम्प्लिफायरची जागा वरच, अँटेनापाशी, आणि तुमचा तिथे आहेच.

रेडिओची केबल ५० ओहमची, टीव्हीला ७५ ची लागते. त्या फरकाने थोडा सिग्नल उलटा फिरतो, पण खरा दोष मला पिळलेल्या जोडाचा वाटतो. तिथे मधली तार उघडी पडते, जाळीचं कवच तुटतं, आणि चार्जरचा, एलईडी दिव्यांचा गोंगाट आत शिरतो. वरच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलना त्याचा फटका जास्त बसतो.

आरजी-६ घ्या, म्हणजे टीव्हीची ७५ ओहमची केबल. सहा मीटरला सिग्नलचं नुकसान जेमतेम एक-दीड डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला ते मोजायचं माप). पातळ रेडिओ केबलमध्ये ते दुपटीच्या आसपास जातं. दोन्ही टोकांना एफ कनेक्टर (टीव्ही केबलचं आट्यांचं टोक), आणि दोन केबल जोडायला मधे सरळ जोडणीचा तुकडा. अँटेनाकडे १२ व्होल्ट सोडणारी डबी आहे तिथेच राहू द्या, वाढीव केबल डबीपासून टीव्हीपर्यंत ओढा. म्हणजे नव्या केबलमधून वीज जाणारच नाही.

ओली दोरी:
कनेक्टर बसवताना जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागू देऊ नका. वीज असलेल्या बाजूला तसं झालं तर फ्यूज जातो. आणि जुनी केबल सोललीत तेव्हा आतलं तांबं कसं होतं? काळं-हिरवं असेल तर पाणी मुरलंय, तेवढा भाग कापूनच पुढे जा.

डोलकाठी:
काळंच होतं! हातभर कापल्यावर चकचकीत तांबं लागलं. आरजी-६ ओढली, पिळलेला जोड काढून टाकला, चॅनेल पुन्हा शोधले. सगळे आले. काल वडिलांनी रात्रीच्या बातम्या अंथरुणातूनच, न अडखळता पाहिल्या. तुमचे दोघांचे मनापासून आभार.

पण पाणी आत शिरलं कुठून?

जुना खलाशी:
बहुतेक डेकच्या भोकातून. केबल आत शिरण्याआधी खाली झुकलेला एक वेढा ठेवा, थेंब तिथूनच गळून पडतील. वरच्या कनेक्टरवर साधी टेप नको, ताणून गुंडाळली की एकजीव होणारी रबरी टेप लावा.