'तीन मित्रांना टॅग करा' याला सहभाग म्हणायचं का?

शाईचा_डाग (धागाकर्ती)
संस्थांसाठी सोशल मीडिया मोहिमा आखणं हे माझं काम. दर मीटिंगला एकच फर्माईश: एंगेजमेंट, म्हणजे लाइक-कमेंट-शेअर, वाढवा. उपायही ठरलेला: लाइक करा, तीन मित्रांना टॅग करा, बक्षीस जिंका. आकडे फुगतात, बक्षीस वाटून झालं की मंडळी अनफॉलो करून पुढच्या बक्षिसामागे. असल्या पोस्ट खाली ढकलणार, म्हणजे कमी लोकांना दाखवणार, असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं, तरी खोड जात नाही. माझं मत स्पष्ट आहे: लोकांनी काही केल्याने मोहिमेत काडीचाही फरक पडणार नसेल, तर ती नुसती हजेरी झाली.

खटपट्या
साफ असहमत. आइस बकेट चॅलेंज आठवा, २०१४. डोक्यावर बर्फाचं पाणी ओता, नाहीतर देणगी द्या, आणि आणखी तिघांची नावं घ्या. म्हणजे तुमचं तेच 'तीन मित्र'! एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे त्या उन्हाळ्यात सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले. त्यातल्या काही पैशांवर पुढे जनुकसंशोधनही झालं. हजेरीतून एवढं होत असेल तर हजेरी काय वाईट?

शाईचा_डाग
तिथे माणूस कॅमेऱ्यासमोर ओला होऊन मित्राचं नाव घेत होता, चोवीस तासांची मुदत देत होता. मित्राला टाळणं अवघड. कमेंटमधला टॅग म्हणजे मित्राच्या माथी मारलेली जाहिरात. दोन्ही एका मापाने मोजू नका.

जुनी_वही
शिवाय ते बर्फाचं चॅलेंज कुठल्या एजन्सीने आखलंच नव्हतं. लोकांनीच सुरू केलं, संस्थेने नंतर सावरून घेतलं. त्याचा दाखला देऊन 'असंच व्हायरल करा' म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

पण धागाकर्तीशीही पूर्ण सहमत नाही. लोकांच्या हाती निवड दिली की काय होतं? २०१६ मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी संशोधन संस्थेने नव्या ध्रुवीय जहाजासाठी नावं मागवली. 'बोटी मॅकबोटफेस' हे थट्टेतलं नाव पहिलं आलं. अंतिम निर्णय संस्थेचाच, असं आधीच सांगितलेलं होतं, पण ते लक्षात कोण ठेवतो? जहाजाला निसर्गावरचे माहितीपट करणारे सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलं आणि लोकांचं नाव गेलं एका स्वयंचलित पाणबुडीला. मतदान केलेल्यांनी बोटं मोडलीच.

शाईचा_डाग
मला तर ती तडजोड आवडली. सगळं जहाज नाही, पाणबुडी तरी मिळाली ना! फक्त पाच नावं आधी निवडून मग मतदान घ्यायला हवं होतं.

खटपट्या
बरं, मग गप्प बसणाऱ्यांचं काय? लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब निल्सनने २००६ मध्ये मांडलेला ढोबळ हिशेब: शंभरातले नव्वद नुसते बघतात, नऊ अधूनमधून बोलतात, एक जण सतत. त्या नव्वदांसाठी एका बोटाचं काम हवंच. पोल ठेवा, हो-नाही विचारा.

पानवेडी
एक बोट चालेल, पण प्रश्न तरी नेमका विचारा. एका ग्रंथालयाचं पेज सांभाळते. 'वाचनाबद्दल तुमचे विचार लिहा' म्हटलं तर चिडीचूप. मग विचारलं, 'कुठलं पुस्तक कितव्या पानावर सोडून दिलंत?' धो धो उत्तरं! कुणी अकराव्या पानावर सोडलेलं, कुणी शेवटून दुसऱ्या. शेवटून दुसऱ्या पानावर कोण सोडतं, असो. त्या पुस्तकांचं 'अर्धवट राहिलेली' असं वेगळं कपाट लावलं आणि त्याचा फोटो टाकला. आपलं पुस्तक त्यात शोधायला लोक आले.

शाईचा_डाग
हेच तर म्हणतेय मी!

खटपट्या
कपाटाची कल्पना मस्त, मानलं. पण ती सगळी उत्तरं वाचायला, त्यांना प्रतिसाद द्यायला माणूस होता म्हणून जमलं. माझ्या क्लायंटच्या बजेटमध्ये फोटोग्राफर असतो, जाहिरातीचा खर्च असतो, कमेंटना उत्तर देणारा कुणीच नसतो. अशा ठिकाणी नेमका प्रश्न विचारून लोकांना ताटकळत ठेवण्यापेक्षा मी पोल लावीन.

पानवेडी
ताटकळत ठेवायचं नाही हे पटलं. पण मग पोलचा निकाल तरी जाहीर करता का?

खटपट्या
...कधीकधी.